अय्यनाराच्या पलीकडची खुंटी

मेलवडकाल, ४ जून १९९५

चि. सरोजा,

आशीर्वाद. खुशाली शेवटी लिहीन, राग उतरला तर.

तुझी मुलगी आमच्या गावात येऊन आज तिसरा दिवस, आणि ही बातमी मला कुणी द्यावी? दूधवालीनं. मी दारात कोलमची रांगोळी घालत होते. ती म्हणाली, "टीचरम्मा, तुमची पोरगी वीज मंडळाची, ईबीची जीप घेऊन आलीय. खांबाखांबावर नंबर घालतेय." माझी पोरगी! गावाला माहीत आहे ती कुणाची. तिला स्वतःलाच विसर पडलाय.

आणि उतरली कुठे? शेषम्माकडे. कीळवडकालला, गावाच्या पार शेपटाला, जिथे दिवेलागणीला बल्ब लावला तर तो पिकल्या लिंबासारखा दिसतो आणि तेवढाच उजेड देतो. शेषम्मा तिची सख्खी आत्या आणि तुझी नणंद, हे मला शिकवू नकोस. मी मावशी, तीही चुलत, म्हणून रांगेत मागे, असंच ना? माझ्याकडे चार खोल्या रिकाम्या आहेत. उजेड भरपूर आहे. ट्रान्सफॉर्मर माझ्या नारळबागेच्या कोपऱ्यात उभा आहे. आमच्या अप्पांनी अठ्ठावन्न साली तंजावूरला खेटे घालून गावात वीज आणली. ती आधी आमच्या घरात लागली आणि मग कालव्याच्या कडेकडेनं पुढे गेली. आजही पोस्टमनला पत्ता सांगताना लोक म्हणतात, "करंटचं पहिलं घर." त्या घरावरून ही मुलगी जीप घेऊन दोनदा गेली. दोनदा हात हलवला. मी काय स्टेशनमास्तर आहे?

हिला अपूर्णांक कुणी शिकवले? दर उन्हाळ्यात पाटी घेऊन माझ्या ओट्यावर, तिण्णैवर कोण बसायची? बी.ई.ला जा, बँकेत चिकटू नकोस, हे तुझ्या नवऱ्याशी भांडून कुणी ठरवलं? शेषम्मानं? ती तपकिरीच्या चिमटी मोजतानाही चुकते.

मला इंजिनियर व्हायचं होतं तेव्हा अप्पा म्हणाले, मुलीनं खांबावर चढायचं? मग मी त्रिचीच्या कॉन्व्हेंटमध्ये चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलींना गणित शिकवलं. त्यातली एकच मुलगी खांबापर्यंत पोचली. आणि ती जेवते शेषम्माच्या घरी.

तुळजारामना नमस्कार. आंबे पाठवते आहे, पण मनापासून नाही.

वसुमती


तंजावूर, ११ जून

वसुअक्का,

पाया पडते. तुझं पत्र ह्यांच्यासमोरच उघडलं. ह्यांना आणि हरिणीला देवनागरी वाचता येत नाही, हे आपलं केवढं भाग्य! "अक्का काय लिहिते एवढं?" म्हणाले. मी म्हटलं, आंबे चांगले लागलेत.

अगं, ती शेषम्माकडे राहिली ती तो पिकल्या लिंबाचा बल्ब बघायलाच. तुमच्या गावची लाइन नव्यानं मांडायचं काम तिच्याकडे दिलंय. तिनं मला समजावलं, ते मला कळलं तसं लिहिते. अप्पांच्या वेळी गावभर पन्नास बल्ब होते. त्यांच्या मापाची बारीक तार एका ट्रान्सफॉर्मरपासून दोन किलोमीटर ओढली. आता त्याच तारेवर मोटारी आहेत, मिक्सर आहेत, केबल टीव्ही आहे. वीज वाटेतच तारेत मरते. तुझ्याकडे भरपूर, शेवटी काहीच नाही. शेषम्माची मोटार गेल्या वर्षी दोनदा जळाली.

आता मोठी तार आणि नवा ट्रान्सफॉर्मर मंजूर होणार, पण एकच. तो नेमका कुठे उभा केला म्हणजे कमीत कमी तारेत सगळ्यांना पुरेल, हे हरिणीला काढायचंय. तिच्या जुन्या कॉलेजच्या कॉम्प्युटरवर ती एकेक जागा तपासून बघते. पण त्याआधी कुणाच्या घरी काय काय चालतं हे कळायला हवं. तुझ्याकडे येईलच. नीट सांग हं तिला सगळं.

तिनं तुझ्याकडे राहायला हवं होतं म्हणतेस. राहिली असती तर मी काय म्हणणार होते? मला सवय आहे.

सरोजा


मेलवडकाल, २६ जून

सरोजा,

आली होती. एकटी नाही. जीपमध्ये पुढच्या सीटवर, पदर कानामागे खोचून, शेषम्मा!

"तुम्ही कशाला आलात?" म्हटलं.

"वसुअक्का, आयुष्यात पहिल्यांदा जीपमध्ये बसायला मिळालं. उतरवलं तरी उतरणार नव्हते."

मी सकाळपासून तांदळाचे वडाम तळून ठेवले होते. हरिणीनं दोन घेतले. "पुरे मावशी, आत्यानं सकाळी अडै खाऊ घातली." शेषम्मानं बाकीचं ताट संपवलं आणि मीठ जरा कमी आहे म्हणाली.

मग मुलीनं कागद काढला. "मावशी, आता ऑफिसचं काम. तुझ्याकडे काय काय चालतं?"

मी विचारलं, "आधी सांग, ट्रान्सफॉर्मर कसा ठरवणार?"

"तूच शिकवलंस ना, सी-सॉ. जड मूल ज्या बाजूला, आधार त्या बाजूला सरकवायचा. जिकडे भार जास्त, तिकडे तो जाणार."

"आणि तो शेषम्माकडे सरकला तर माझं घर?"

"एका बाजूचं शेवटचं होईल, मावशी. पण तुला पुरेल."

पुरेल! सरोजा, मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी पुरवून घेतल्या आहेत. त्या मुलीच्या तोंडून हा शब्द ऐकायला मी तिला शिकवलं नव्हतं. आणि शेषम्मा काय करत होती माहीत आहे? मान डोलावत होती. पंचायतीत बसल्यासारखी.

मी म्हटलं, लिही. फ्रीज. गीझर. वरच्या माडीवर एसी, अमरसिंहानं थोरल्या बहिणीसाठी बसवलेला. ग्राइंडर. बागेत पाण्याच्या दोन मोटारी, एक साडेसात हॉर्सपॉवरची, एक पाचची.

तिचं पेन थांबलं. "दोन्ही चालू आहेत, मावशी?"

"मग शोभेला ठेवल्यात का?"

तिनं लिहिलं. शेषम्मा म्हणाली, "अरे देवा, केवढं! माझ्याकडे एक ट्यूब, तीही तिच्या मर्जीनं. आणि मोटार तीनची." तीनची! कीळवडकालमध्ये प्रत्येकाच्या पाचच्या मोटारीवर तीनची पाटी ठोकलेली असते, हे गावातलं कुत्रंसुद्धा जाणतं. शेतीची वीज फुकट झाल्यापासून तर कुणाला पाटीची लाजही उरली नाही. म्हणजे ते लपवतात ते चालतं.

जाताना माझ्या पाया पडली. आत्यानं शिकवलं असेल.

वसुमती


तंजावूर, ५ जुलै

वसुअक्का,

आत्यानं नाही, मी शिकवलं. एवढं तरी माझ्या नावावर असू दे.

एक विचारू? रागावू नकोस. पोंगलला अमरसिंह आला होता तेव्हा फ्रीज आणि एसी टेम्पोत घालून मद्रासला घेऊन गेला, असं त्याची बायको लग्नात भेटली तेव्हा म्हणाली होती. तू नवा घेतलास का? आता सगळं हप्त्यानं मिळतं म्हणतात. घेतला असशील तर कंपनी कळव, मी ह्यांच्या मागे लागते.

आणि बागेचं काय? तू बाग पोन्नुस्वामीला खंडानं दिलीस ना? तो कालव्याचं पाणी घेतो असं मला वाटत होतं.

माझंच चुकत असेल. मी आठवीत शाळा सोडली, तू मला अजून ऐकवतेस.

खरं सांगू का, अक्का? तू शेषम्मावर जळतेस ते वाचून मला हसूही आलं आणि कुठेतरी बरंही वाटलं. दर उन्हाळ्यानंतर माझी मुलगी घरी यायची ती तुझ्यासारखी बोलत यायची. "आई, आधी पायऱ्या दाखव. आई, असं कसं, कारण सांग." मी भात जास्त शिजवला तर कारण सांग! एकदा तापात ती तुझं नाव घेत होती. मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते आणि ती म्हणत होती, मावशी. तेव्हा मी तुला पत्र लिहायचं दोन महिने बंद केलं होतं. तुला वाटलं, पोस्टाचा संप.

सरोजा


मेलवडकाल, २१ जुलै

सरोजा,

तुझ्या जुन्या तापाची बातमी पोचली. त्या वर्षी तू पत्र लिहिलं नाहीस म्हणून मी पोस्टमास्तरांना चांगलंच फैलावर घेतलं होतं. आता त्यांची माफी मागायची तर ते गेले.

अमरसिंहाच्या बायकोला माझ्या स्वयंपाकघराची एवढी काळजी असेल तर तिनं येऊन भांडी घासावीत.

आता ऐक. परवा गावच्या राखणदाराच्या, अय्यनाराच्या देवळापुढे सभा झाली. कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या जशा देवासमोर मोठ्यानं वाचतात, म्हणजे कुणाला हरकत घ्यायची असेल त्यानं तिथेच घ्यावी, तसाच या वेळी प्रत्येक घराचा विजेचा भार वाचायचं ठरलं. सगळं गाव त्या मातीच्या घोड्यांच्या सावलीत बसलं होतं. रघोजी पंचायतवाल्यानं वाचायला सुरुवात केली ती माझ्या घरापासून. पहिलं घर! फ्रीज, गीझर, एसी, दोन मोटारी. लोकांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं. पाठीमागे कुणीतरी म्हणालं, "टीचरम्माच्या घरी सिनेमा थिएटर आहे का?" मी मागे वळूनही पाहिलं नाही. मग कीळवडकालची घरं आली. तीनची मोटार, तीनची मोटार, तीनची मोटार. जपमाळ ओढावी तशी.

हरिणी बाजूला उभी होती. एकदाही वर बघितलं नाही तिनं.

काल नव्या ट्रान्सफॉर्मरच्या जागी लाल रंग लावलेली खुंटी ठोकली. कुठे? देवळाच्या अलीकडे, सरोजा! आपल्या बाजूला! शेषम्मानं एवढी अडै आणि एवढं लोणी खाऊ घातलं ते सगळं मोरीत गेलं. ट्रान्सफॉर्मर इथून हलणार हे खरं, पण शेषम्माच्या दारात जाणार नाही. आज पहाटेच उठून मी फुलं काढली आणि अय्यनाराला हार घातला. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांना कळलं असतं तर त्यांनी मला छडी मारली असती.

तू आनंद व्यक्त करणारं पत्र लिही.

वसुमती


तंजावूर, ७ ऑगस्ट

वसुअक्का,

आनंद आहे.

शेषम्माची मोटार गेल्या बुधवारी पुन्हा जळाली. वायंडिंगचा वास घरभर. या वर्षी कालव्याला पाणी उशिरा आलं, तिचं भाताचं सगळं रोप मोटारीवरच होतं. एका कोपऱ्यातलं वाचेल म्हणते. आम्ही पैसे देऊ केले तर म्हणाली, "मोटार नवी आणून काय करू, वहिनी? तीही जळेल. आधी करंट येऊ दे." रडली नाही. तपकीर ओढली आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली.

हरिणी शनिवारी घरी आली होती. जेवली नाही. मी विचारलं, त्या नव्या खुंटीनं शेषम्माला पुरेल का? म्हणाली, शेवटच्या सात-आठ घरांना नाही पुरणार. मग तिथे का ठोकलीस? तर म्हणे, "आकडे तसे आले, आई." आणि तिनं तोंड फिरवलं. अगं, ही मुलगी गणित बरोबर आलं की कशी बसते आठवतं ना, मांडी घालून, राणीसारखी? तशी बसली नव्हती. जिन्यात बसली होती.

मंजुरीला कागद महिनाअखेर वर जाणार आहेत. एकदा गेले की खुंटीच्या जागी सिमेंट पडणार.

मी तुला काही विचारत नाही.

सरोजा


मेलवडकाल, १६ ऑगस्ट

सरोजा,

तू विचारत नाहीस, आणि तेच अडीच पानं विचारतेस.

खरं सांगते, मी वही काढली ती तुझ्या शेषम्मासाठी नाही. मी काढली ती मुलीची चूक पकडायला. मला वाटलं, खुंटी अजून माझ्याकडे यायला हवी होती. शेषम्माच्या लोण्यानं थोडी तरी तिकडे ओढलीच असणार. सभेत वाचलेला प्रत्येक आकडा माझ्या लक्षात आहे. चौतीस वर्षं मी मुलींचे मार्क न बघता सांगत आले. मी घरं मांडली, अंतरं मांडली, आणि आधार काढला. माझं खरं ठरलं! वाचलेल्या आकड्यांनी खुंटी माझ्या बागेच्या कुंपणाजवळ येते. तिनं ठोकली आहे ती त्याच्या बरीच पुढे, देवळाजवळ. मला केवढा आनंद झाला! पत्र लिहायलाही बसले होते की तुझ्या मुलीनं आत्यासाठी गणित वाकवलं.

मग मी कॉफी घेतली आणि शिक्षिकेनं करावं ते केलं. मुलीचं उत्तर चुकलं तर ती कुठल्या वाटेनं तिथे पोचली ते शोधायचं. तीनच्या सगळ्या मोटारी मी पाचच्या केल्या, म्हणजे खऱ्या. पुन्हा मांडलं. खुंटी सरकून थेट तिच्या लाल रंगावर आली. अगदी तिथेच.

म्हणजे मुलीनं पाट्यांवर विश्वास ठेवला नाही. तो चिमट्यासारखा मीटर घेऊन ती खांबाखांबावर फिरत होती, तार न कापता आतली वीज मोजणारा. कीळवडकालच्या प्रत्येकाचं खोटं तिनं पकडलं, गुपचूप खरं घेतलं, आणि कुणाला फाडून खाल्लं नाही. चांगलं केलं.

पण सरोजा, सगळ्यांचं खरं घेऊन खुंटी तिथे येते ती एकाच अटीवर. माझं घर मी सांगितलं तसंच धरलं तर.

आता सरळ विचारते, आणि तू मला आंब्यांच्या गोष्टी सांगू नकोस. माझ्या खांबाला तिनं तो चिमटा लावला होता का?

वसुमती


तंजावूर, २३ ऑगस्ट

अक्का,

लावला होता. तुला सांगायचं नाही अशी शपथ तिनं मला घातली होती, ती आज मोडते.

जूनच्या शेवटी, दिवेलागणीला. काटा हललाच नाही. तिला वाटलं मीटर बिघडला. मग ती तुझ्या तिण्णैवर येऊन घरचा मीटर बघत उभी राहिली. त्यातली चकती, म्हणे, इतकी हळू फिरत होती की फिरते आहे की नाही हे बघायला बोट लावून धरावं लागलं. खिडकीतून आत पाहिलं. तू एका दिव्याखाली बसून रेडिओ ऐकत होतीस. पंखा बंद. स्वयंपाकघरात फ्रीजच्या जागी फरशीवर नुसता चौकोन. तिनं हाक मारली नाही. परत गेली. त्या दिवशी ती शेषम्माकडेही जेवली नाही.

हे तिनं मला त्या शनिवारी सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, मग खरं ते लिही, तुझं काम आहे. तर माझ्यावर ओरडली. "आई, दुरुस्तीसुद्धा देवळापुढे मोठ्यानं वाचतात! सगळ्या गावासमोर मावशीच्या नावापुढे एक पंखा, दोन दिवे वाचू? पहिलं घर म्हणून?" मी म्हटलं, आणि आत्या? तर उठून जिन्यात गेली. तेव्हापासून ती जिन्यात बसते.

तुला अजून एक सांगते आणि मग थांबते. ही मुलगी लहानपणी चुकून मिळालेला अर्धा मार्कही शिक्षकांकडे परत करायला जायची. हट्टी, तुझ्यासारखी. माझ्यासाठी तिनं कधी एक आकडा खोटा केला नसता. शेषम्मासाठी केला नाही. तो तिनं फक्त तुझ्यासाठी केला.

आता सांग, कुणी कुणावर जळायचं?

सरोजा


मेलवडकाल, ३१ ऑगस्ट

सरोजा,

विनायक चतुर्थी झाली, कोळकट्टै मोदक केले, एकटीनं एकवीस खाता येत नाहीत म्हणून दूधवालीच्या घरी दिले.

हरिणीला इंग्रजीत पत्र लिहिलं. तुला काय लिहिलं ते सांगते, कारण ती तुला दाखवणार नाही. "तुझ्या पायऱ्या निर्दोष आहेत. घेतलेला एक आकडा खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे तुला माहीत होतं. अशा उत्तराला मी वर्गात शून्य देत असे. अमरसिंहानं फ्रीज आणि एसी नेला. गीझर गंजला. साडेसातची मोटार विकून मी माडीचं छप्पर दुरुस्त केलं, पाचची गंजून पडली आहे. माझ्या घरात एक पंखा, दोन दिवे, एक रेडिओ. ग्राइंडर आहे, पण एका माणसासाठी पीठ वाटायला तो लावत नाही. दुरुस्त करून परत पाठव. दया दाखवायची असेल तर रविवारी जेवायला ये. गणितात दाखवू नकोस." खाली सही केली. अक्षर चांगलं आलं.

नुसतं पत्र लिहून माझं समाधान झालं नाही. खोटं मोठ्यानं वाचलं गेलं होतं, ते मोठ्यानंच पुसायला हवं. काल पाण्याच्या पाळ्यांसाठी लोक देवळापुढे जमले होते. मी उठून उभी राहिले आणि माझा भार स्वतः वाचला. एक पंखा. दोन दिवे. एक रेडिओ. मागचा तोच आवाज म्हणाला, "आणि थिएटर?" मी म्हटलं, "बंद पडलं. तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत." लोक हसले. मग मी म्हटलं, आता ज्यांच्या पाचच्या मोटारीवर तीनची पाटी आहे त्यांनी जरा कमी हसावं.

सभा उठली. मी पोन्नुस्वामीकडून पहार मागून घेतली आणि ती लाल खुंटी उपटली. म्हातारीला खुंटी काय उपटते! चांगली खोल ठोकली होती तुझ्या मुलीनं. काखेत घेऊन बांधाबांधानं चालत निघाले. देवळापलीकडे, माझंही खरं धरल्यावर वहीत आलं होतं तिथवर. तिथे शेषम्मा म्हैस घेऊन उभी.

"वसुअक्का, ही ईबीची खुंटी ना? चोरून कुठे नेता?"

"तुझ्याकडे."

"माझ्याकडे? कशाला?"

"म्हैस बांधायला. कशाला म्हणजे काय? बाजूला हो, मला मोजू दे."

तिला कळायला जरा वेळ लागला. मग तिनं म्हैस सोडून दिली, माझ्या हातातून पहार घेतली आणि चार घावांत खुंटी बसवली. माझ्यानं ते झालं नसतं. ती घाम पुसत म्हणाली, "तुमचं घर शेवटचं होईल की हो, अक्का." तिला हे ठाऊक होतं, सरोजा. सगळं समजून ती जूनमध्ये मान डोलावत होती.

मी म्हटलं, "पुरेल मला."

तिनं मला घरी नेऊन ताकाचं मोर पाजलं. तिच्या ताकाला माझ्यापेक्षा चांगली चव आहे. हे तिला सांगितलंस तर आपला संबंध संपला.

वसुमती


मेलवडकाल, २६ ऑक्टोबर

सरोजा,

तुझा दीपावलीचा फराळ पोचला. अधिरसम कडक झालेत, तुळजारामना दात जपायला सांग.

तुला काही मुलीकडून कळलं असेलच, तरी माझ्याकडून ऐक. कॉम्प्युटरनं काढलेली जागा आणि माझ्या खुंटीत एका म्हशीएवढं अंतर पडलं. हरिणी म्हणते माझं चुकलं. मी म्हणते तिच्या कॉम्प्युटरनं कालव्याचं वळण सरळ धरलं. शेवटी सिमेंट तिच्या जागी पडलं, कारण सही तिची.

सणाच्या आदल्या दिवशी नवा ट्रान्सफॉर्मर सुरू झाला आणि आमच्या कोपऱ्यातला जुना क्रेननं उचलून नेला. सदतीस वर्षं तो माझ्या खिडकीशी गुणगुणत होता. आता दुपारी घरात इतकं शांत असतं की मला घड्याळाचा राग येतो. पोस्टमन नवा आहे, त्यानं परवा विचारलं, "लाइनच्या शेवटच्या घरातल्या टीचरम्मा तुम्हीच का?" मी त्याला पत्ता नीट वाचायला सांगितला.

शेषम्मानं नवी मोटार बसवली. पाटी पाचची, हे मी स्वतः जाऊन बघून आले.

दीपावलीला हरिणी सकाळी तिच्याकडे जेवली. संध्याकाळी माझ्याकडे आली. मी काही बोलले नाही, बघ, काही म्हणजे काहीच. ती स्वयंपाकघरात आली, फरशीवरच्या त्या चौकोनाकडे बघितलं, आणि स्टूल ओढून नेमकी तिथेच बसली. म्हणाली, "मावशी, ग्राइंडर लाव. आपण उद्यासाठी पीठ वाटू." मी म्हटलं, एवढ्याशा पिठाला कशाला? तर म्हणे, "मला बघायचंय, तुझ्या टोकाला तो नीट फिरतो का." फिरला. तिनं चिमटा लावून काटा मला दाखवला. मग मांडी घालून बसली, राणीसारखी. रात्री राहिली. तुला वाईट वाटलं तर वाटू दे. पोस्टाचा संप करू नकोस.

ती गेल्यावर काल दिवेलागणीला मी माडीवर गेले होते. भाताच्या पलीकडे, जिथे सदतीस वर्षं काळोख होता, तिथे शेषम्माच्या घरची ट्यूब एका झटक्यात लागली. एकदाही लुकलुकली नाही. पांढरीशुभ्र, माझ्या ट्यूबइतकीच. मला ते अजून सहन होत नाही, सरोजा. मी तिथे बराच वेळ उभी राहून जळफळले. पण उत्तर बरोबर आहे. आणि बरोबर उत्तराला मी आयुष्यात कधी मार्क कापले नाहीत, मुलगी कुणाचीही असो.

वसुमती